टर्बोला लागलेलं ऊन

आमच्या गाडीला काहीही झालेलं नव्हतं, म्हणून मी ती दुरुस्त करायला घेतली.

गाडी टर्बोवाली. घेतल्यापासून तिनं एकदाही कुरकुर केली नव्हती. पण मे महिना, त्यात आपलं छत्रपती संभाजीनगर, आणि त्यात मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला! टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून निघणाऱ्या जळजळीत धुरावर गरागरा फिरणारा पंखा. तो तापून लाल होतो, बॉनेटखाली भट्टी पेटते आणि इंजिनाचं आयुष्य घटतं! झालं. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. (जेवलो रोजच्याइतकंच, पण गोड लागलं नाही.)

"काटा तर मधोमध हाय की," माझी बायको सुनीता डॅशबोर्डकडं बोट दाखवून म्हणाली.

"काटा इंजिनातल्या पाण्याचं सांगतो. बॉनेटखालच्या हवेचं कोण सांगणार?"

"गाडी नाय तापली, तुम्हीच तापलाय. ताक देऊ का?"

मी ताक प्यायलो आणि कामाला लागलो. बॉनेटच्या बिजागऱ्यांखाली वायसरच्या चकत्या घालून त्याची मागची कड उचलली, म्हणजे काचेच्या बाजूला मस्त फट पडली. गरम हवा जाईल की बाहेर! त्या फटीला आडवी येणारी रबराची पट्टी उपटून फेकली. मग टर्बोच्या पाइपाला गुंडाळायची, आग न धरणारी कापडी पट्टी मागवली होती, ती व्हिडिओत सांगितल्याप्रमाणं भिजवून, आवळून गुंडाळली. व्हिडिओचा शेवट तेवढा बघितला नाही. शेवट मी कधीच बघत नाही, मला सुरुवातीलाच सगळं कळतं.

आई पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बघत बसली होती. "काय झालं रं गाडीला?"

"उष्णता, आई."

"ऊन लागलं म्हण की मग! कांदा ठिव."

आमच्याकडं उन्हात बाहेर पडताना खिशात कांदा ठेवतात, म्हणजे ऊन बाधत नाही. पण इंजिनाला कांदा? मी आईला टर्बोचं सगळं शास्त्र समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि "व्हय व्हय" म्हणाली. आईचं "व्हय व्हय" म्हणजे तिचं ठरलेलं असतं, हे मला पन्नाशी उलटली तरी कळू नये! मी बॉनेट उघडं टाकून अंघोळीला गेलो.

आणि हा उद्योग मी केला कधी? तर नेमका भाचीच्या होऊ घातलेल्या सासरची माणसं यायची होती त्या दिवशी! प्रज्ञा म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी, आमच्याकडंच राहून शिकली. मुलगा तिनंच पसंत केलेला. मुलाचे वडील, गायकवाड साहेब, राजी होते. गाडी अडली होती ती मुलाच्या आईपाशी. लीलाताई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांच्या होकारावर सगळं लटकलेलं, आणि त्या साहेबांना घेऊन हैदराबादहून विमानानं घर बघायला येत होत्या. प्रज्ञा रात्रभर झोपली नव्हती.

"मामा, पाया पडते. फक्त विमानतळावरून घेऊन या. गाडीबद्दल एक शब्द बोलू नका!"

"अगं, मी कशाला बोलतोय?"

चिकलठाण्याला विमानतळावर जाताना थोडा वास आला खरा. पण तिकडं कारखाने, कोण कुणाचा वास विचारतं? पाहुणे आले. जय भीम, जय भीम झालं. लीलाताईंची पांढरी साडी कडक इस्त्रीची आणि नजर त्याहून कडक. मी दिलेला शब्द विमानतळाच्या फाटकापर्यंत कसोशीनं पाळला.

"गाडी छान गार आहे हो," गायकवाड साहेब म्हणाले.

आता पाहुण्यांनीच विषय काढला तर काय तोंडाला कुलूप लावायचं? "गार का आहे, सांगू साहेब?" म्हणलं आणि सुरू झालो. वर पाहुण्यांना ताजी हवा मिळावी म्हणून एसीचं बाहेरच्या हवेचं बटणही दाबलं. एसी ती हवा काचेखालच्या जाळीतून, म्हणजे मी पाडलेल्या फटीजवळूनच ओढतो, हे व्हिडिओत असेल तर शेवटी असेल.

जालना रोडला सिग्नलवर गाड्यांची रांग लागली. आधी वास आला.

"कुणीतरी कांदे भाजतंय," साहेब खूश होऊन म्हणाले. "वाटणाचे असणार."

"भर रस्त्यात वाटण?" लीलाताई.

मग एसीच्या जाळीतून पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ आली. मग जाड रेघ आली. मग रेघा मोजायची सोय राहिली नाही.

"हेही गारच आहे का?" लीलाताईंनी विचारलं.

"काळजी करू नका ताई," मी ठणकावून सांगितलं, "उष्णता बाहेर पडतीय!"

"बाहेर कुठं? आत येतीय!"

तेवढ्यात एका दुचाकीवाल्यानं काच बडवली. "ओ चचा! गाडी जलरी तुमारी! उतरो!"

गाडी कशीबशी कडेला घेतली, सगळे उतरलो. समोरचा रसवंतीवाला ग्लास विसळायच्या पाण्याची बादली घेऊन धावला. "नका, नका!" करत मी गाडीला आडवा गेलो. अर्धी बादली माझ्यावर, अर्धी बॉनेटवर, आणि शिंतोडे लीलाताईंच्या साडीवर! साहेबांनी बॉनेट उघडलं. आग वगैरे काही नव्हती. नवी पट्टी पहिल्यांदा तापली की धुमसते, म्हणून आधी गाडी रिकामी फिरवून आणायची असते. (शेवट!) आणि त्या पाइपाशेजारी, खरपूस भाजलेले, रस गळणारे, एक नाही, तीन कांदे!

माझा फोन वाजला. प्रज्ञा. लीलाताईंनी हात पुढं केला, "द्या इकडं."

त्यांनी स्पीकर लावला. "प्रज्ञा, तुझ्या मामांच्या इंजिनात कांदे आहेत."

"आजी!" प्रज्ञा पलीकडं ओरडली. मग मागून आईचा आवाज, "सांग त्येंला, पाव्हण्यांला ऊन लागू नाय म्हणून म्याच ठिवलेत! माणशी एक!"

पोरीचं लग्न मी भर रस्त्यात मोडलं! डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ते मी धुरावर ढकललं. लीलाताईंनी वाकून तिन्ही कांदे मोजले. मग पदर तोंडाला लावून अशा हसल्या, अशा हसल्या, की रसवंतीवाल्यानं त्यांना खुर्ची दिली.

"चला, घरात पाहुण्यांची काळजी करणारं कुणीतरी आहे," त्या म्हणाल्या. "रिक्षा बोलवा."

उस्मानपुऱ्यात घरी आल्यावर त्या आईला सोडून कुणाशी बोलल्याच नाहीत. प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात नखं खात उभी. संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवून लीलाताई म्हणाल्या, "मुलगी आम्हाला पसंत आहे. हुंडा नको, मानपान नको. अट एकच."

आई खुर्चीत पुढं सरकली.

"नवरदेवाच्या गाडीला मामांनी हात लावायचा नाही."

प्रज्ञा तर हसता हसता रडायलाच लागली, आणि सुनीतानं टाळ्या वाजवल्या. (टाळ्या! स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध!) मीही अट जागच्या जागी कबूल केली. भाचीच्या सुखापुढं गाडी काय चीज आहे?

तसं मंगल कार्यालयाच्या जनरेटरबद्दल अटीत काहीच नव्हतं. काल जाऊन बघून आलोय. लई तापतो!