मावशीच्या खानावळीवरचा खटला

मी स्वच्छता निरीक्षक म्हणून लागलो तेव्हा आमची महापालिका माझ्याहूनही नवी होती. भाड्याच्या दोन खोल्या, एक जीप, आणि ती ढकलायला आम्ही चौघं. साताऱ्याकडून आलेला मी नेरूळला तिघांत एक फ्लॅट घेऊन राहायचो. स्टेशनवरून घरी येताना दोन्ही बाजूंना मोकळे प्लॉट, कमरेएवढं गवत आणि ओहोटीला खाडीचा तो चिखलट वास. नवीन माणसं नाक दाबायची. मला मात्र तो वास आज कुठे आला तरी बरं वाटतं.

माझा भाग पावण्याचा, कारखान्यांमधला. नोकरी लागल्यावर डोक्यात हवा गेली होती, हे कबूल करतो. सकाळभर हॉटेलांत शिरायचो. उघड्या बरण्या, माश्या, कामगारांचे नखं वाढलेले हात, सगळ्यावर नोटिसा. हॉटेलवाले मला लांबून पाहिलं की फडकं घेऊन टेबलं पुसायला लागायचे, आणि मला ते फार आवडायचं.

आणि बरोबर एक वाजता मी मावशीकडे जेवायला जायचो.

मावशी म्हणजे तिथल्याच गावातली आगरी बाई, नवरा गेलेला, जमीन कारखान्यांत गेलेली. घराला लागून पत्र्याची शेड टाकून ती कामगारांना जेवण घालायची. तांदळाची भाकरी, सुकट, कधी खाडीतल्या चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा. घाटावरचा मी, चिंबोरी फोडता येत नव्हती. ती समोर बसून फोडून द्यायची आणि मला हसायची. दीड वर्ष मी तिथे जेवलो. तिच्याकडे लायसन आहे का, पाणी कुठलं, हे एकदाही विचारलं नाही. आम्हा सड्याफटिंगांच्या मनात हॉटेल वेगळं आणि खानावळ वेगळी. खानावळ म्हणजे घर, आणि घरात कोण तपासणी करतं?

मग एका कारखान्यातले पाच-सहा कामगार काविळीने पडले. सगळे मावशीकडे जेवणारे. वरिष्ठांनी मला बोलावलं आणि पाण्याचा नमुना आणायला सांगितलं. मी बाटली घेऊन गेलो तर तिने स्वतः विहिरीत घागर सोडली, बाटली भरून दिली आणि म्हणाली, आमचं पानी ग्वाड हाय, लिव तसं. तिला वाटलं, सरकारी माणसं पाण्याचं कौतुक करायला आली आहेत. मी बाटलीवर चिठ्ठी डकवली आणि निघालो.

रिपोर्ट वाईट आला. विनापरवाना खानावळ आणि दूषित पाणी, असा खटला दाखल झाला. कागदांवर सही माझी. मी जेवायला जाणं बंद केलं आणि वडापाववर दिवस काढू लागलो.

तारखेच्या आदल्या दिवशी मावशीच्या भाच्याने दिलेला वकील ऑफिसात आला. गोड हसत त्याने विचारलं, दीड वर्ष तुम्ही तिथंच जेवत होता ना? कामगार साक्ष द्यायला तयार होते. निरीक्षक स्वतः रोज जेवतो आणि एक नोटीस देत नाही, हे कोर्टापुढे आलं की खटल्यात दम राहणार नव्हता. मावशीची शेड वाचली असती. मी प्रोबेशनवर होतो. माझी नोकरी गेली असती. खोटं कशाला बोलू, मला काळजी माझ्या नोकरीचीच होती. मावशीचं काय होईल हा विचार मनात आलाच नाही, याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मावशी हिरव्या लुगड्यात आली. मॅजिस्ट्रेटनी आरोप वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं. वकील मान हलवून नाही म्हण, नाही म्हण, अशा खुणा करत होता. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

“हाय साहेब, कबूल हाय,” ती म्हणाली.

साक्षीपुराव्याचा प्रश्नच उरला नाही. दंड झाला, आणि परवाना अन् नळाचं पाणी मिळेपर्यंत खानावळ बंद ठेवायचा हुकूम. गावात नळ यायला पुढे बराच काळ गेला. ती शेड पुन्हा कधी उघडली नाही.

बाहेर वकील तिच्यावर चिडून निघून गेला. ती भिंतीच्या सावलीत चपला घालत होती. मी जवळ गेलो आणि कसंबसं विचारलं, की माझं नाव का नाही घेतलंस?

तिला प्रश्नच विचित्र वाटला. “तू माज्या घरात जेवलास ना,” ती म्हणाली. “जेवलेल्या मानसाला कोन कोर्टात उबं करतं?”

जेवू घालणारीला मी उभं केलं होतं. ते ती बोलली नाही. तिने पदर खोचला, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “सुकलास रं. हल्ली जेवतोस कुठं?”