केसाळ टायरांचा विजय असो!
परवा कर्वेनगरात टायरच्या दुकानात शिरलो, कोऱ्या रबराचा वास नाकात गेला आणि आमच्या पहिल्या गाडीची ती दुपार आठवली. गाडी जुनीच घेतलेली, पण आमच्यासाठी नवीकोरी. दुसऱ्या दिवशी घाट उतरून दापोलीला जायचं होतं आणि बॅगा आदल्या दिवशीच डिकीत जाऊन बसल्या होत्या! नुसती हवा भरायला म्हणून बाबा आणि मी दुकानात गेलो, तर दुकानदाराने पुढच्या टायरकडे बघून नाक मुरडलं. “अहो, खाचा दिसतायत की, उद्याचा घाट काय, अजून वर्षभर चालतील,” बाबा म्हणाले. “आपण फक्त बाहेरून बघताय,” म्हणत त्याने मला स्टिअरिंग पूर्ण फिरवायला लावलं. चाकाची आतली कड समोर आली, तर तिथे एकही खाच नव्हती, उलट रबरातून तार चमकत होती. “पार गोटा झालाय! यावर घाट उतरणार होतात?” दुकानदार म्हणाला. बाबांनी शांतपणे टोपी काढली, स्वतःच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, “गोटा नक्की कोणाला म्हणालात?” दुकानदार पोट धरून हसला. नवे टायर बसले, तेव्हा त्यांच्यावरचे बारीक रबरी केस कुरवाळत बाबा म्हणाले, “यांचे तरी परत आले!” दुसऱ्या दिवशी घाटाच्या प्रत्येक वळणावर आम्ही “केसाळ टायरांचा विजय असो” असं ओरडत होतो. आणि परवा? दुकानदार वाकून चाक बघत होता, तेवढ्यात मीच म्हणून गेलो, “अजून वर्षभर चालतील की,” आणि माझा हात आपसूक डोक्यावर गेला. पार गोटा.