खणातलं शून्य

आई सगळ्यांना सांगते की ही पोर जन्मली तेव्हा रडली नाही, "का?" म्हणाली. मी आता ते हसून सोडून देते, कारण फार खोटं नाही ते. एखादी गोष्ट अशीच का, हे कळलं नाही की मला जेवण गोड लागत नाही. घर सातपाटीचं, मच्छीमाराचं. बाबांची स्वतःची बोट, आई टोपली घेऊन बाजारात बसणारी. मी मात्र पालघरच्या कॉलेजातून केमिस्ट्री केलं आणि बोईसरला एमआयडीसीत, विषारी गॅस ओळखणारी यंत्रं बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत चिकटले. आई शेजारणींना सांगायची, "ती वास घ्यायच्या कंपनीत हाय."

तसं पाहिलं तर बाई बरोबरच सांगत होती. रोज सकाळी स्कूटी काढायची. घरातून निघताना सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, पुढे भातशेतीचा, बेटेगाव मागे पडलं की हळूहळू औषधासारखा काहीतरी, आणि एमआयडीसीत शिरल्यावर तर डोळे मिटून सांगता आलं असतं की आपण कुठल्या वळणावर आहोत. पण नाक हे फसवं यंत्र आहे. दहा मिनिटं त्याच वासात उभं राहिलं की ते कंटाळतं आणि सांगायचं बंद करतं. म्हणून आमची कंपनी.

माझं काम काळी शाई छापायचं. ग्राफीनची शाई. शिसपेन्सिलीच्या शिशाचे पापुद्रे सोलत सोलत गेलं, आणि शेवटी एकच अणू जाड असा पापुद्रा उरला, तर तो ग्राफीन. अशा असंख्य पापुद्र्यांची शाई करायची, तिच्यात महागडा धातू चिमूटभर मिसळायचा, आणि हवा आत घेणाऱ्या पण पाणी न घेणाऱ्या एका पातळ पडद्यावर ती ठिपक्यासारखी छापायची. ठिपका रुपयाच्या नाण्याहून लहान. हवेतला गॅस पडद्यातून झिरपून ठिपक्यावर आला की तिथे त्याची रासायनिक क्रिया होते, अगदी इवलीशी वीज वाहते, आणि यंत्रावर आकडा उमटतो. एवढ्याशा काळ्या डागाला हवेत काय आहे ते कळतं याचं मला अजूनही नवल वाटतं. सहा वर्षं झाली, तरी ओव्हनमधून ट्रे बाहेर काढताना मी प्रत्येक ठिपक्याकडे बघते.

ही छपाई जाळीतून होते, असं मी एकदा बाबांना सांगितलं. झालं, त्यांना आपल्या धंद्यातलं काहीतरी सापडलं.

"किती आसाची जाळी?" त्यांनी विचारलं. आस म्हणजे जाळ्याचं भोक.

"डोळ्यांना दिसत नाय एवढ्या."

"मग तिच्यात अडकतं काय?"

"काय अडकत नाय. शाई खाली गळते."

"मग ती जाळी कसली," बाबा म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

त्या मोसमात किनाऱ्यावरच्या एका दुसऱ्या गावात वाईट घडलं. बोटीच्या खणात, म्हणजे फळ्यांखाली मासळी आणि बर्फ ठेवतात त्या जागेत, एक माणूस सफाईला उतरला तो वर आलाच नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, त्याला कसंबसं वाचवलं. गावात बोलणं झालं की हार्ट ॲटॅक असेल. मला ते पटेना. बर्फाचं पाणी, त्यात राहिलेली बारीक मासळी, वर बंद झाकण, बाहेर ऊन: हे सगळं कुजून काय तयार होतं ते मी रोज सिलिंडरमधून सोडून आमच्या ठिपक्यांना हुंगवत होते. हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. माणसाला वाटतं, चला, हवा मोकळी झाली.

आणि आमच्या बोटीचा खण बाबा स्वतः साफ करतात. खलाशी असले तरी स्वतः. चाळीस वर्षं. दुसऱ्याने केलेली सफाई त्यांच्या डोळ्यांत भरत नाही. त्यांना नको म्हणून सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मला भीती वाटली.

मी सरांकडे गेले. सर म्हणजे कंपनीचे मालकही तेच आणि मुख्य केमिस्टही तेच. नव्या ठिपक्यांची यंत्रं खाऱ्या हवेत किती टिकतात हे आम्हाला बघायचंच होतं. सरांनी एक यंत्र ट्रायलसाठी लिहून दिलं. काड्यापेटीहून थोडं मोठं, खिशाला अडकवायचं, आकडा दशांशापर्यंत दाखवणारं, आणि गॅस वाढला की कानठळ्या बसतील असं ओरडणारं. ते मी बाबांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "खणात उतरण्याआधी दोरीने हे खाली सोडायचं. वर काढून आकडा बघायचा. शून्याच्या आसपास असला तरच उतरायचं. आणि महाग हाय, पाणी लागू देऊ नको."

हे शेवटचं वाक्य मी अगदी ठासून बोलले. मला ते नंतर पुष्कळ दिवस ऐकू येत राहिलं.

बाबांनी सांगितलेलं तंतोतंत केलं. माणूस हट्टी, पण दर्यावर्दी. एकदा लावून घेतलेली सवय मोडत नाही. घरी आले की पहिलं वाक्य, "आज पण शून्य." आई समाधानाने मान हलवायची. पहिले आठ दिवस मीही खूश. नंतर माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. शून्य? दशांशाच्या जागीही शून्य? सातपाटीत? आमच्या बोटीच्या खणाचं झाकण उघडलं की बंदरावरची मांजरं गोळा होतात, आणि यंत्र म्हणतं काहीच नाही?

मी संशय घेतला तो माझ्या ठिपक्यांवर. बाबांच्या यंत्रातल्या ठिपक्याबरोबर त्याच दिवशी छापलेली त्याची भावंडं कपाटात होती. ती काढून मोजली, चोख निघाली. मग वाटलं खाऱ्या हवेने पडद्याची भोकं बुजत असतील. दोन ठिपके मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात चार दिवस ठेवले. तरी चोख. मग मी घरून एक अंडं नेलं, पाऊण तास उकडलेलं, बलक हिरवा पडेपर्यंत. ते सोलून बंद डब्यात ठिपक्याशेजारी ठेवलं. आकडा हलला. अंड्याचा एवढासा वास त्याला कळतो आणि अख्खा खण कळत नाही?

सर मागून येऊन उभे राहिले होते. "हे जेवण आहे की प्रयोग?"

"प्रयोग, सर."

"मग खाऊ नका." मग म्हणाले, "ठिपका चांगला आहे. मग तुम्ही ठिपक्याकडेच का बघताय?"

मला राग आला. सहा वर्षं मी ठिपक्याकडेच बघत होते, आणखी कुठे बघू? पण घरी येताना ते डोक्यात राहिलं. खणात यंत्र जातं तेव्हा मी एकदाही तिथे नव्हते. घरी आलं तरी ते बाबांच्या कापडी पिशवीतच असायचं, आणि ती पिशवी त्यांच्याबरोबर बोटीवर जायची. ठरवलं, सुट्टीच्या दिवशी जाऊन बघायचं.

त्या आठवड्यात इंजिनाच्या कामामुळे बोट चार दिवस खाडीत अडकून होती. खलाशी आपापल्या घरी. खण बंद, आत उरलासुरला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, आणि वितळलेला बर्फ. सुट्टीच्या दिवशी सकाळी मला उठायला उशीर झाला. बघते तर बाबा घरात नाहीत. आई अंगणात बोंबील उलटत होती.

"बाबा कुठे?"

"बोटीवर गेले. खण धुवायचा हाय म्हणाले. ते यंत्र घेऊन गेलेत, काय काळजी करू नको."

मी चप्पल न घालताच निघाले. ओहोटी होती, होड्या चिखलात बसलेल्या. घोटाभर चिखलातून जाताना बोट वीसेक पावलांवर आली आणि वास आला. असा वास की घशात कडू झालं. बाबा झाकण उघडून खणाच्या काठावर बसले होते, एक पाय आत, फळीवर टेकवलेला. छातीवर यंत्र लटकत होतं.

"बाबा, थांब. उतरू नको."

"अगं शून्य हाय," त्यांनी यंत्र उचलून दाखवलं. "आणि आज तर वास पण नाय. झाकण काढलं तेव्हा आला होता थोडा, आता गेला."

मला वीस पावलांवरून येणारा वास त्यांना खणाच्या तोंडाशी बसून येत नव्हता. मी ओरडले, आयुष्यात त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते तशी. "पाय बाहेर काढ. आधी पाय बाहेर काढ आणि इकडे ये."

ते बाहेर आले, माझ्या ओरडण्याचा अपमान वाटूनच बहुतेक. बोटीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला त्यांना नेऊन बसवलं. ते डोकं दुखतंय म्हणाले. मी यंत्र हातात घेतलं. हाताला गुळगुळीत लागलं. दुधाची पिशवी, स्वच्छ धुतलेली, एकावर एक दोन. कडा मेणबत्तीवर धरून चिकटवलेल्या, वर दोऱ्याची गाठ. आतून आकडा छान दिसत होता. शून्य पॉइंट शून्य.

आमच्या घरात टीव्हीचा रिमोट याच पिशवीत असतो. बाबांचा मोबाइल पावसाळ्यात याच पिशवीत. आईने माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेलाही अशीच पिशवी घातली आहे. मी पाणी लागू देऊ नको म्हणाले, आणि तिने लागू दिलं नाही. त्याला हवा लागते, त्याचं तोंड उघडं हवं, हे सांगायचं मला सुचलंच नाही. मला ते इतकं ठाऊक होतं की दुसऱ्याला ते ठाऊक नसेल असं मनातही आलं नाही.

मी दाताने पिशवी फाडली, यंत्र दोरीला बांधलं आणि लांबूनच खणात सोडलं. ते मध्यावरही पोचलं नसेल तेव्हा ओरडायला लागलं. चिखलातली बगळ्यांची रांग उडाली. बाबा माझ्याकडे बघत होते. यंत्र वर काढून आकडा दाखवला तेव्हा त्यांनी तो वाचला. त्यांनी आपल्या पायाला हात लावला, जो आत होता त्याला, आणि कितीतरी वेळ तो हात तसाच ठेवला.

दुपारभर पंखा लावून, झाकणं काढून खण मोकळा केला. संध्याकाळी आईला सांगणं भाग होतं. मी दोष माझाच म्हणून सांगितला, तरी तिला कळायचं ते कळलं. ती चुलीपुढे बसून राहिली. "मीच बांधलं ना त्याचं तोंड," एवढंच म्हणाली. मी तिच्याजवळ बसले. तिच्या हाताला मेणाचा वास येत नव्हता, तरी मला आल्यासारखा वाटला.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले की आपण कारखान्यात यंत्र वापरायच्या आधी रोज थोडा गॅस हुंगवून तपासतो, तसं काहीतरी बोटीवरही हवं. सिलिंडर बोटीवर कसा नेणार? मी घरी येऊन हा प्रश्न जेवताना मोठ्याने विचारला. उत्तर आईने दिलं. दुसऱ्या दिवशी लोणच्याची एक रिकामी बरणी अंगणाच्या कोपऱ्यात आली. तिच्यात जवळा, पाणी, घट्ट झाकण, आणि ऊन. पाच दिवसांत असा माल तयार झाला की मी तो लॅबमध्ये न्यायची परवानगीसुद्धा मागितली नाही.

आता ती बरणी आईची. बोट सुटायच्या आधी आणि खण धुवायच्या आधी ती धक्क्यावर जाते, पदर नाकाला लावून हात लांब करून झाकण किलकिलं करते आणि यंत्र वर धरते. ते ओरडलं की झाकण लावते आणि यंत्र मोकळ्या वाऱ्यात धरून आकडा खाली यायची वाट बघते. पहिल्या दिवशी बाबांना हे सगळं नाटक वाटलं. चार माणसं बघत होती, त्यांना लाज वाटली असणार.

"आणि समजा नाय ओरडलं," ते म्हणाले, "मग काय? शून्य तर शून्य."

आईने बरणीचं झाकण घट्ट लावलं.

"मग तुमी घरी यायचं," ती म्हणाली. "खण तसाच राहू दे."