दोन सेडान आणि आईचे गुडघे

मंडळी, डोकं चालेनासं झालंय, जरा मदत करा.

दोन स्पोर्ट सेडानमध्ये अडकलोय. एक लाल, एक करडी. इंजिन, पिकअप, सनरूफ, सगळं उन्नीस-बीस. महिनाभर रिव्ह्यू बघून आता झोपेतही गिअर बदलतोय. दोन्हीकडचे सेल्समन एकच म्हणतात, "सर, दसऱ्याला गाडी दारात हवी असेल तर उद्या दुपारपर्यंत सांगा."

म्हणून आज शेवटची टेस्ट ड्राइव्ह घेतली. आई निफाडहून आली होती, तिलाही नेलं आणि मागे बसवलं. गंगापूर रोडला लाल गाडी अशी पळवली की माझीच छाती फुगली.

शोरूमला परत आलो, तर आईला उतरताच येईना. सीट खोल, छत खाली. तिनं आधी दाराची कड धरली, मग पुढची सीट, मग माझा हात. कशीबशी उभी राहिली आणि काही झालंच नाही अशा थाटात पदर सारखा केला. नंतर करडीतही तेच झालं.

मी विचारलं, "कोणती घेऊ?"

"दोन्ही बी भारी हायेत. तुला आवडंल ती घे," आई म्हणाली. "मी आपली यष्टीनं येत जाईन."

महिनाभर मी दोन्ही गाड्या फक्त पुढच्या सीटवरून बघितल्या. उद्या फोन आला की काय सांगू, कळत नाही.

लाल की करडी, हे आता विचारत नाही. तुमच्या गाडीतून उतरताना तुमची आई कशाला धरते, तेवढं सांगा.