पेंटर शिडीवरून पडला नव्हता

नाही, जन्म कधी झाला ते राहू दे, ते मला तरी कुठे माहीत. आधी शिडीचं लिही. बोलण्याच्या नादात ते राहून गेलं तर तो माझ्यावर रुसून बसेल, आणि या वयात रुसलेल्या भावाची समजूत काढायचं बळ माझ्यात नाही. लिही, पेंटर जन्मात कधी शिडीवरून पडला नाही. लिहिलंस? आता बाकीचं सावकाश.

पेंटर म्हणजे माझा धाकटा भाऊ, तुझा मामाआजोबा. आईने ठेवलेलं नाव होतं की त्याला, पण ते आता त्याच्या बायकोलासुद्धा पटकन आठवत नाही. सगळी वस्ती पेंटर म्हणते, मीही तेच म्हणते. आणि बायकोला पेंटरीण म्हणतात, बिचारीने उभ्या आयुष्यात ब्रश नुसते धुतले. त्याचा खटला लढणाऱ्या वकीलबाईंचं म्हणणं असं, की ज्यांचे खटले अडकून पडलेत अशा माणसांबद्दल एक पुस्तक काढायचं, आणि त्यात खटल्याबरोबर माणूसही आला पाहिजे. त्या त्याच्याकडे गेल्या तर तो म्हणाला, माझ्या ताईला विचारा, तिला बोलायला आवडतं. स्वतः खिडकीत बसून राहिला. आजकाल तिथेच बसतो.

तर त्याचं काम पाट्या रंगवायचं. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या. आणि गंमत म्हणजे त्याला वाचता येत नाही. माझ्यासारखाच कोरा. अक्षर म्हणजे त्याच्या लेखी चित्र. गिऱ्हाईक चिठ्ठी देणार, हा विचारणार वर कुठली बाजू, मग डोळा बारीक करून जसंच्या तसं उतरवणार. इतकं सुबक, की शिकलेली माणसं उभी राहून बघायची. एकदा एकाने वरची बाजू चुकीची सांगितली, तर ह्याने अख्खी पाटी उलटी रंगवली. दुकानदार डोक्याला हात लावून बसला. पेंटर म्हणाला, त्यात काय, फिरवून टांगा. फिरवून टांगली. सगळं सरळ झालं, फक्त कोपऱ्यातला राघू खाली डोकं वर पाय असा लटकत राहिला.

राघूचं सांगायचं राहिलंच. सही येत नाही म्हणून तो प्रत्येक कामाच्या खाली उजव्या कोपऱ्यात नखाएवढा हिरवा राघू काढायचा. लाल चोच. गिऱ्हाइकाने नको म्हटलं तरी काढायचा. मी म्हणायचे, अरे लोकांच्या पाटीवर तुझा पक्षी कशाला. तर म्हणायचा, ताई, पाटी त्यांची, काम माझं.

शिडीला तो फार जपायचा. चढायच्या आधी खालचं टोक दोरीने कशाला तरी बांधणार, प्रत्येक पायरीवर तळवा आपटून बघणार, मगच पाय. पेंटरीण म्हणायची, माझी एवढी विचारपूस केली असती तर मी सोन्याची झाले असते.

पुढे काय झालं, तर खालच्या गल्लीतले नळ बंद पडले. बंद पडले म्हणजे केले. त्या लोकांना तिथून उठवायचं होतं म्हणे. ते कचेरीत जाऊन जाऊन थकले, कुणी दाद देईना. मग सगळे मिळून पेंटरकडे आले, चिठ्ठी दिली, कचेरीसमोरच्या पडक्या गोदामाच्या भिंतीवर मोठं रंगवून दे म्हणाले. त्याने विचारलं, वर कुठली बाजू. त्यांनी दाखवली. त्याला वाटलं असेल एखाद्या साबणाची जाहिरात, त्याच आठवड्यात एक केलेली. लाल रंग, खाली काळी सावली, जीव ओतून काम केलं. आणि कोपऱ्यात काढला राघू.

दुसरा कुणी असता तर असल्या भिंतीवर खूण ठेवली असती का? पण ह्याचा हात तसाच वळलेला.

त्या भागाच्या पोलीससाहेबांचं ठाणं कचेरीला लागूनच, ते सकाळी खिडकीशी आले. समोर भिंत. टेबलावर त्यांच्या स्वतःच्या नावाची पाटी, तीही पेंटरनेच केलेली, कोपऱ्यात राघू. शोधायला लागलं सुद्धा नाही. हा टपरीवर चहा पीत होता, तिथून उचलला.

भिंतीवर काय लिहिलंय ते त्याला ठाण्यात गेल्यावर कळलं. साहेबांनी वाचून दाखवलं. 'आमचं पाणी का तोडलं, उत्तर द्या.' आणि विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. हा म्हणाला, साहेब, मला वाचता येत नाही. ते हसले. एवढं वळणदार अक्षर काढणारा माणूस निरक्षर आहे हे कुणाला खरं वाटणार? त्यांना वाटलं, सोंग करतोय. नावं सांग म्हणाले. हा म्हणाला, सगळी गल्लीच आली होती, कुणाकुणाची सांगू. मग त्याचा उजवा हात टेबलावर ठेवायला लावला आणि रुळाने बोटं मोडली. मी एवढंच सांगते, ह्याहून जास्त त्यानेही मला सांगितलेलं नाही.

दवाखान्यात शिपाई बरोबर होता. तो म्हणाला शिडीवरून पडला, डॉक्टरने तेच लिहून घेतलं. घरी आला तेव्हा हाताला पांढरं गुंडाळलेलं, तोंड एवढंसं झालेलं. आम्ही रडायला लागलो तर पहिलं वाक्य काय बोलावं ह्याने?

"ताई, मी शिडीवरून पडलो असं लिहिलंय त्यांनी."

बोटांचं दुःख नंतर. आधी हे. आणि त्याचं खरं होतं गं. बोटं वाकडी झाली तरी तो डाव्या हाताचा आधार देऊन रंगवायला शिकला असता, शिकलाही. पण शिडीवरून पडणारा पेंटर म्हटल्यावर उंचावरचं काम कोण देणार? सिनेमाघराच्या मालकाने प्रेमाने सांगितलं, बाबा रे, पुन्हा पडलास तर माझ्या गळ्यात येशील. सगळे असेच प्रेमाने सांगत राहिले. शेवटी हातगाड्यांवर भाज्यांची चित्रं काढायची वेळ आली. जमिनीवर बसून.

तक्रार केली. वकीलबाई तेव्हा नव्या होत्या, केस काळेभोर. त्यांनीच समजावलं, की साहेब म्हणतात मी ड्युटीवर होतो, आणि ड्युटीवर केलेल्या गोष्टीसाठी सरकारी माणसावर खटला भरायचा तर सरकारचीच परवानगी लागते. मी म्हटलं, म्हणजे सासूची तक्रार सासूकडेच न्यायची, आणि तिने हो म्हटलं तर पुढे बोलायचं. वकीलबाई म्हणाल्या, आजी, अगदी तसंच. तेव्हा मी आजी नव्हते, पण जाऊ दे.

परवानगीचा अर्ज केला. सासूबाई हो म्हणेनात, नाही पण म्हणेनात. आज विचारा, पुढच्या महिन्यात विचारा, टेबलावर आहे, वरच्या साहेबांकडे गेलाय. आम्ही त्या बाकड्यावर बसून म्हातारे झालो. तिथल्या पंख्याचा आवाज मी आजही ओळखीन. इकडे साहेबांना बढती, मग आणखी बढती.

आणि ऐक, हे नीट लिही, कारण हे सांगताना माझं डोकं अजून फिरतं. साहेबांनी पलीकडच्या वसाहतीत घर बांधलं, तर गेटच्या खांबावर नाव रंगवायला माणूस पाठवला कुणाकडे? ह्याच्याकडे. म्हणे असं अक्षर दुसऱ्या कुणाला येत नाही. आणि हा गेला गं. वाकडी बोटं घेऊन गेला, नाव रंगवलं, हुद्दा रंगवला, राघू काढला आणि आला. पेंटरीण कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही. जेवणाचं ताट आदळायची. मी विचारलं, का गेलास रे, लाज नाही वाटली?

तो म्हणाला, "गेलो नसतो तर पुन्हा तिकडेच बोलावलं असतं."

मी त्याचं ताट स्वतः वाढून आणलं.

मग इतक्या वर्षांनी तो कायदा बदलला. तुमच्या त्या मोर्च्यांनी म्हणा, वकीलबाईंसारख्यांच्या चपला झिजल्या म्हणून म्हणा, परवानगीची भानगड काढून टाकली. साहेब असो की शिपाई, कुणाचा हक्क तुडवला तर इतरांसारखं कोर्टात उभं राहायचं, आणि ज्यांचे अर्ज नुसते पडून होते त्यांचे खटलेही चालवायचे. वकीलबाई धावत आल्या सांगायला. केस पांढरे, दम लागलेला, डोळ्यांत पाणी. पेंटर म्हणाला, बरं. आणि चहा आणखी आहे का विचारलं. त्यांचा चेहरा पडला. मी त्यांना आत नेऊन म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, त्याची आनंद व्हायची जागाच दुखरी झालीय.

पण रात्री जेवताना म्हणाला मला, ताई, साहेब तिथे उभे राहून सांगतील का गं, की हा शिडीवरून पडला नव्हता? एवढंच. भरपाई नको, तुरुंग नको. तेवढं एक वाक्य.

आता कोर्टाचा कागद साहेबांच्या हातात पडला पाहिजे. तो पोचवणारा माणूस, बेलीफ म्हणतात त्याला, गेला आणि परत आला. त्या वसाहतीत घरांना नंबर नाहीत, नावावरून शोधायचं, आणि ह्या नावाचं घरच नाही म्हणे. शेजाऱ्यांनी कानावर हात ठेवले. कोर्टाने पुढची तारीख दिली. पुन्हा गेला, पुन्हा तेच. ज्या माणसाला जन्मभर नाव मोठं मोठं लागत होतं, त्याने कायदा बदलल्याबरोबर गेटवरचं नाव पुसून टाकलं होतं.

वकीलबाई म्हणाल्या, पेंटर, तुम्ही घर दाखवा. पेंटर म्हणाला, गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खरं, पण ते कारण नव्हतं. त्याला त्या गेटसमोर पुन्हा उभं राहायचं नव्हतं. मग मी गेले. मला कोण काय करणार आता.

बेलीफ बरा माणूस होता, घामाने डबडबलेला. सगळी गेटं सारखी, सगळे खांब पांढरे. मी म्हटलं, तुम्ही वाचत चला, मी बघत चालते. एका घराचा माळी नळीने झाडांना पाणी घालत होता, आणि खांबावर पाणी उडत होतं. घाईघाईत नुसता चुना फासलेला. तैलरंगावर चुना कुठला टिकायला, पोपडे सुटायला लागले होते. आणि खाली उजव्या कोपऱ्यात काहीतरी लाल, नखाएवढं.

चोच.

मी तिथेच खाली बसले. बेलीफ घाबरला, त्याला वाटलं मला चक्कर आली. मी राघू दाखवला. तो म्हणाला, आजी, पक्ष्यावर कागद बजावता येत नाही, मला नाव दिसलं पाहिजे. मग मी रुमाल ओला केला आणि खांब पुसायला लागले. माळी बघतच राहिला. मी पुसत होते आणि बेलीफ एकेक अक्षर वाचत होता, बालवाडीतल्या मुलासारखा. आडनावापर्यंत आलो तेव्हा वर कुणीतरी पडदा ओढला. बेल वाजवली, कुणी आलं नाही. बेलीफने माळ्याला साक्षीला बोलावलं आणि कागद गेटला चिकटवला. असं चालतं म्हणे.

घरी येऊन मी पेंटरला सांगितलं, तुझा राघू अजून आहे. तो म्हणाला, रंग चांगला होता तो.

तारखेला आम्ही सगळे गेलो. पेंटरने धुतलेला सदरा घातला, पेंटरणीने त्याची वाकडी बोटं तेल लावून चोळली, जणू कुणाला ती बघूनच समजणार होतं. साहेब आले नाहीत. त्यांच्या वकिलाने तब्येतीचं सांगितलं. न्यायाधीशबाईंनी पुढची तारीख दिली आणि म्हणाल्या, कायद्याने आता त्यांना यावंच लागेल. मला त्यांचा आवाज आवडला. पण आवाज आवडून आवडून मी किती बाकडी बदललीत.

ती तारीख आता जवळ आलीये. वसाहतीतल्या घराला कुलूप आहे. कुणी म्हणतं मुलीकडे राहायला गेले, कुणी म्हणतं हवापालटाला. पोलीस आणतील शोधून, असं वकीलबाई म्हणतात. आणतीलही. तोवर पेंटरचे गुडघे पायऱ्या चढतील का, हे मला माहीत नाही.

म्हणून शेवटी हे लिही, आणि मोठ्या अक्षरात लिही. तुम्ही जे कुणी वाचताय, तुमच्या शेजारी कुणी ताठ पाठीचे, निवृत्त, सगळ्यांकडून साहेब म्हणवून घेणारे नवीन राहायला आले असतील, आणि त्यांच्या दारावर नाव नसेल, तर एवढा निरोप द्या. भांडू नका, नुसतं सांगा. तुमच्या गेटच्या खांबावर नाव पुन्हा दिसायला लागलंय म्हणावं. आणि पेंटर तारखेला येणार आहे, तुम्हीही या, आणि तो शिडीवरून पडला नव्हता तेवढं सांगून जा.