सरूबाईने नको म्हटलेले टायर

अंधेरीला चंद्रप्रकाश शेठच्या टायरच्या दुकानात मी सात वर्षं काउंटरला आहे. टेम्पोवाले, जीपवाले येतात आणि म्हणतात, नंदकुमारला विचार, त्याला टायरमधलं सगळं कळतं. लोकांना वाटतं मी खूश होत असेन. कसला खूश! मला सरूबाई आठवते, आणि सरूबाई आठवली की कुठे तोंड लपवू असं होतं.

सरूबाई मढची कोळीण. नवरा आजारात गेला, मूलबाळ नाही. पन्नाशीची असेल, पण चालणं असं की रस्ता तिने विकत घेतलाय. मढच्या बायका टोपल्या घेऊन आधी खाडीवर जायच्या, तिथून होडी, मग बस, आणि बाजारात पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं. मग दलाल म्हणेल तो भाव. सरूबाईला ह्याचा संताप यायचा. तिने गळ्यातलं सोनं मोडून मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली. मागचा भाग कापून फळ्यांचा हौदा बसवला, चंदू नावाचा गावातलाच ड्रायव्हर ठेवला. ओहोटीला जीप ओल्या वाळूवरून थेट मासळीच्या होडीपर्यंत जायची, टोपल्या चढवायची, आणि बाकीचे खाडीवर रांगेत असताना सरूबाई अंधेरीच्या बाजारात हजर! शेजारच्या चार बायकांचा मालही तीच आणायची. मढमध्ये असं कुठल्या बाईने केलं नव्हतं.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीच्या आधी ती आमच्या दुकानात आली. बाजार आटपून आली होती, अंगाला मासळीचा वास. काउंटरपाशी तीन-चार गिऱ्हाइकं होती, ती जरा बाजूला सरली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. गिरणीच्या संपात बापाची नोकरी गेलेली, घरात मी एकटा कमावता, त्यामुळे डोक्यात हवा. त्यात कंपनीचं एक चकचकीत पुस्तक पाठ केलं होतं. जीप मी आयुष्यात कधी चालवली नव्हती, पण टायरवर भाषण द्यायला लावा, अर्धा तास थांबणार नाही.

"पोरा," सरूबाई म्हणाली, "गारीला टायर पायजेत. चार. जुन्यांची तार दिसाय लागली. तसंच दे, सादं, पट्ट्याचं."

"कुठे चालवायचेत?"

"वालूवर. आनि मंग रोडला."

वाळू म्हटल्यावर मला चेव चढला. आत जाऊन मी जाड ठोकळ्या-ठोकळ्यांचा टायर घरंगळत आणला आणि तिच्यापुढे उभा केला. "हा बघा मावशी. वाळू, चिखल, डोंगर, कुठेही न्या. पकड बघा पकड!"

तिने वाकून टायरच्या बाजूवर अंगठा दाबला, पापलेटचं पोट दाबून बघतात तसा. मग मान हलवली. "नको. हा कडक हाय. वालूत खड्डा खननार."

"खणणार कशाला? पकडणार."

"अरं, आमी ओल्या वालूवर टोपली घेऊन चालतांव, तवा टाच नाय रोवत. पाय पसरून चालतांव. चाकाचा बी तसाच. चंदू हवा काढतो, मंग सादा टायर बसतो पसरून. हा काय पसरनार?"

आज मला माहीत आहे की तिचं अक्षर न् अक्षर खरं होतं. भल्याभल्या ड्रायव्हरांना जे वाळूत रुतून कळतं ते तिला तळपायाने कळलं होतं. पण तेव्हा मी ऐकतो कशाला! एक कोळीण मला, नंदकुमारला, टायर शिकवणार? तेही गिऱ्हाइकांसमोर?

मी म्हणालो, "मावशी, तुम्ही मासे विका, टायरचं आमच्यावर सोडा."

गिऱ्हाइकं खो खो हसली. मलाही मोठा विनोद केल्यासारखं वाटलं. सरूबाई हसली, पण पदर सारखा करत, खाली बघत. गल्ल्यावरून शेठ हळूच म्हणाला, "अरे नंदू, उसको जो मंगता है वो दे दे ना." मी त्याचंही ऐकलं नाही.

"बघ हां पोरा," सरूबाई म्हणाली. "माजा दीर टपून बसलाय. सोनं माजं, पन कागद त्याच्या नावावर, बाईच्या नावावर कोन करतंय! एकदा जरी गारी अडली तर इकनार बोललाय. तू सांगतंस ते खरं ना?"

"शंभर टक्के."

"बरं. तू शिकलेला हायस," ती म्हणाली आणि चारही टायर घेतले. जाता जाता म्हणाली, "रविवारी नारल फोडनार हाव. तू ये."

मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो हो! सकाळची वेळ, ओहोटी पूर्ण झालेली. जीपच्या नव्या टायरांना हळदकुंकू लावलं होतं. सरूबाईने चाकापुढे नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. "हा टायरवाला पोरगा," ती शेजारणींना सांगत होती. मी आपला मान ताठ करून उभा.

चंदूने नेहमीसारखी हवा काढली. टायर तसाच ताठ. तो जरा घुटमळला, माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, "जा बिनधास्त." रिकामी जीप होडीपर्यंत ऐटीत गेली. बारा टोपल्या चढल्या. चंदूने गिअर टाकला आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. ठोकळे ओली वाळू उपसून मागे फेकत होते, अगदी कोणी फावड्याने खणावं तसे. चारही चाकं ओढणारी गाडी होती ती, पण पुढच्या चाकांची ओढ केव्हाच निकामी झालेली. चंदूने आणखी जोर दिला. पाच मिनिटांत जीपचं बूड वाळूला टेकलं.

मग धावपळ. टोपल्या उतरवल्या. बायका हातांनी वाळू उकरतायत, कोणी फळ्या आणतंय, कोणी पोती अंथरतंय. सरूबाई गुडघ्यांवर बसून चाकाखालची वाळू काढत होती आणि मधेच समुद्राकडे बघत होती. भरती सुरू झाली होती. मीही बूट काढून ढकलायला लागलो. पण खरं सांगतो, माझी वाट लागली एवढंच डोक्यात. पाणी चाकांना लागलं, मग इंजिनात शिरलं, मग सीटवर आलं. दोर बांधून चाळीस माणसं ओढत होती तरी जीप हलली नाही. सगळ्यांनी हात सोडले आणि नुसते बघत उभे राहिले.

तेवढ्यात तिचा दीर आला, रामचंद्र. थोराड माणूस, आवाज खणखणीत. एकदा जीपकडे बघितलं, एकदा वाळूवर आणून ठेवलेल्या, उन्हात तापणाऱ्या मासळीकडे. मग सगळ्या गावासमोर विचारलं, "वयनी, हे टायर घ्यायाला कोनी सांगितलं?"

सरूबाईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही बघितलं हो, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती वाट बघत होती. 'मी दिले, त्या नको म्हणत होत्या.' एवढंच म्हणायचं होतं मला. जीप बुडालीच होती, पण तिची अक्कल तरी वर राहिली असती.

मी खाली माझ्या पायांकडे बघितलं. मार पडेल ही भीती होती, पण ती थोडी. जास्त भीती ही, की हे सगळे लोक मला हसतील.

"मीच घेतलं," सरूबाई म्हणाली. "माजीच अक्कल."

रामचंद्रने चंदूच्या हातातून किल्ली घेतली आणि कमरेला खोचली. "बस जाली हौस. बाईमानसानं गारीच्या भानगडीत पडू नये, मी तवाच बोललेलो." गर्दीतून दोघं-तिघं हो-हो म्हणाले. त्यांत जिचा माल सरूबाईच्या जीपमधून जायचा अशी एक बाईसुद्धा होती.

सरूबाई साडीची वाळू झटकत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तू जा पोरा. तुजी बस चुकंल." आणि मी गेलो! कोणी मागे लागल्यासारखा गेलो.

सोमवारी शेठने विचारलं, कसं झालं? म्हटलं, ड्रायव्हर कच्चा होता, फसवली गाडी. म्हणजे बिचाऱ्या चंदूवरही ढकललं. रामचंद्रने त्या संध्याकाळच्या ओहोटीला बाहेर काढलेली ती जीप महिन्याभरात भंगारात विकली आणि सरूबाई पुन्हा टोपली डोक्यावर घेऊन होडी आणि बस करायला लागली, हे मला नंतर दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं.

अंधेरीच्या मच्छीबाजाराकडे मी दोन वर्षं फिरकलो नाही. मासे जोगेश्वरीहून आणायचो. आई म्हणायची, "मेल्या, हय बाजार असताना थय कशाक मरतंस?" मी काहीतरी थाप मारायचो. मग माझं लग्न झालं. जया मला एकदा ओढतच त्या बाजारात घेऊन गेली, आणि समोर सरूबाई! मी वळलो आणि पळालो. घरी जयाने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. मला वाटलं समजूत घालेल.

"आणि तू गप्प उभा राहिलास?" ती म्हणाली. "शी! पहिला जाऊन माफी माग तिची."

गेलो. सरूबाई वाळली होती, केस पांढरे झाले होते. मी एका दमात सगळं बोललो. चूक माझी होती, तुम्ही बरोबर होता, मी बोलायला हवं होतं. तिने ऐकून घेतलं, कोयता बाजूला ठेवला.

"मना कशाला सांगतंस? मना ठाव हाय," ती म्हणाली. "माज्या दिराला सांग. तो अजून चार मानसांत बोलतो, वयनीनं गारी बुरवली. गावात कोनी पोरीनं काय नवं काराचं म्हटलं तर माजं नाव घेऊन तिला बसवतात. तू एकदा येऊन त्याच्या तोंडावर सांग. बस."

"रविवारी येतो," मी म्हणालो.

त्या रविवारी सासरे आले. पुढच्या रविवारी पाऊस होता. मग गणपती. मग मुलीचा ताप. सुरुवातीला सरूबाई विचारायची, "येनार हायस ना?" मी म्हणायचो, "येणार म्हणजे काय, नक्की!" नंतर तिने विचारणं सोडलं. आम्ही मासे तिच्याकडूनच घ्यायचो, आणि ती आम्हाला वेचून चांगलेच द्यायची. अशी तीन वर्षं गेली. अंधेरी ते मढ, काय लांब आहे? अर्ध्या दिवसाचं काम.

गेल्या महिन्यात मी बाजारात गेलो. सरूबाई बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "रामचंद्र गेला. मंगलवारी. छातीत कल आली आनि गेला."

तिने बोंबील धुतले, पानात बांधले, पुडी माझ्या हातात दिली.

"आता तुना यायाला नको," ती म्हणाली.