शेजारच्या तालुक्यातल्या ताई

"घाटंजीत सर्व्हे कायले पाह्यजे?" देवरावभाऊ म्हणाले. "ताई शेजारच्या तालुक्यातल्या. घाटंजी आपलीच समजा. मॅडम, तुम्ही तसा रिपोर्ट देऊन टाका, आम्ही उमरखेडले निघून राह्यलो."

बाहेर गाडी सुरू होती. ताई मागच्या सीटवर बसल्याही होत्या.

मी यवतमाळात राहते, निवडणुकांचे सर्व्हे करते. एका पक्षाला त्या वर्षी जिल्हाध्यक्ष नेमायचा नव्हता, निवडायचा होता. दर रविवारी एका तालुक्यातले सदस्य मत देणार. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्ष असाच राज्याराज्यांत मतदान घेऊन ठरवतो. त्याला प्रायमरी म्हणतात. शेजारच्या राज्यातून आलेल्याला किती फायदा होतो, यावर तिथेही वाद चालतात. आमच्याकडे पहिला तालुका घाटंजी. तिथे जो हरेल त्याची हवा गेली, हे सगळ्यांना कळत होतं.

उमेदवार दोन. विजयाताई यवतमाळ तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या. लोहाऱ्याला त्यांची डाळ मिल. समोर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या उमरखेडचे एक वकील. देवरावभाऊ ताईंच्या प्रचाराचे इन्चार्ज.

"आधी विचारून येते," मी म्हणाले. "मग रिपोर्ट."

भाऊंना आवडलं नाही. ताई मात्र काच खाली करून म्हणाल्या, "जाऊ द्या त्याईले."

मी आणि माझ्या टीममधल्या दोघी घाटंजी तालुक्यात फिरलो. 'मत कोणाला?' हे आम्ही शेवटी विचारतो. आधी विचारतो, कोण उभं आहे? नावं न सांगता माणसाला जे नाव आठवतं, त्याला आमच्यात 'रिकॉल' म्हणतात. यवतमाळच्या बाजूच्या गावांत ताईंचं नाव लगेच यायचं. तालुक्याच्या पलीकडच्या टोकाला लोक एकमेकांकडे बघायचे. तिथं ताई जेवढ्या परक्या, तेवढेच वकील.

खरी गंमत जवळच्या गावांत होती. नाव माहीत, तरी मत ताईंना नाही. एक आजोबा सदस्य म्हणाले, "लोहाऱ्याहून इथं याले दूर पडते का? तो वकील कुठून कुठून दोनदा येऊन गेला. हे शेजारची, अन् एकदा बी फिरकली नाई!"

असंच चार गावांत ऐकलं. लांबचा आला की त्याचं कौतुक, जवळची आली नाही की तिचा राग.

रिपोर्ट मी मिलमध्ये नेऊन दिला. देवरावभाऊंनी आकडे पाहिले आणि मलाच विचारलं, "काहून हो मॅडम, बरोबर लोकाइलेच भेटल्या ना?"

ताईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. कान लाल झाले होते. "मले वाटलं, आपल्याच लोकाइकडे काय मत मागायचं," त्या म्हणाल्या. मग एकदम हसल्या. "उमरखेड राहू द्या, भाऊ. उद्या घाटंजीचा बाजार आहे."

बाजारात मीही गेले. ताईंनी स्पीकर लावू दिला नाही. भाजीच्या दुकानांपासून सुरुवात केली. तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईला 'याडी' म्हणून हाक मारली, म्हणजे आई, आणि दोघी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत इतक्या बोलत बसल्या की भाऊ घड्याळ बघायला लागले. पुढे हॉटेलपाशी तेच आजोबा भेटले.

"आता आली का?"

"चुकलं, आबाजी. चहा पाजता का?"

"पाजतो ना. पण वकील आलता तं त्यानंच मले पाजला होता."

"मंग मी दोन पाजते," ताई म्हणाल्या. आजूबाजूचे सगळे हसले, आजोबाही.

त्यानंतर मतदानापर्यंत ताई रोज घाटंजी तालुक्यात. पलीकडच्या टोकाची गावंही त्यांनी पायाखाली घातली.

घाटंजी ताईंनी जिंकली. फरक मोठा नव्हता. गावनिहाय आकडे पाहून मलाच हसू आलं. जवळच्या गावांत जेमतेम बरोबरी झाली होती. आघाडी मिळाली ती पलीकडच्या गावांत. तिथं शेजारपणाचा रुसवा कोणी धरलेला नव्हता. उमरखेड अर्थातच वकिलांनी घेतलं, पण शेवटी जिल्हाध्यक्ष ताईच झाल्या. पुढच्या वेळी वकिलांनी सर्व्हेसाठी मला फोन केला, तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं: शेजारच्या तालुक्यात तुमचं नाव फुकट पोचतं आणि पेट्रोल कमी लागतं. बाकी सगळं जाऊनच करावं लागतं.